गुलामगिरीचे शास्त्र शोधणारे डॉ. आंबेडकर

चौसाळा (जि. बीड) : दसरा उलटला, की धुळे-सोलापूर महामार्गावरील चौसाळा आणि आसपासच्या गावांमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. बालाघाटाच्या डोंगररांगांतील कोरडवाहू वस्त्या रिकाम्या होतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेळ्या-कोंबड्या आणि लहान मुले यांच्यासह अवघा संसार ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघतो. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादमाने नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल दिलेली असते. ती अंगावर फेडायची असते. आजारपणात खाडा पडला तर तो हिशेबात धरला जातो आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

कागदोपत्री हा दोन स्वतंत्र माणसांमधील व्यवहार असतो. कोणी कोणाला विकत घेतलेले नसते. तरीही वर्षातील पाच-सहा महिने कोठे राहायचे, किती तास राबायचे आणि मुलांना शाळेत ठेवायचे की फडावर न्यायचे, हे ज्याला स्वतः ठरवता येत नाही, त्याला स्वतंत्र म्हणायचे काय, हा प्रश्न उरतोच. कायद्याने मुक्त असलेला माणूस समाजव्यवहारात गुलाम कसा राहतो, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारा एक मराठी विद्वान विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. घटनेचे शिल्पकार आणि दलितांचे नेते म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना ठाऊक आहेत. गुलामगिरी आणि स्वातंत्र्य यांचा तौलनिक अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ ही त्यांची ओळख मात्र त्यामानाने मागे राहिली. त्यांच्या राजकीय जीवनातील अनेक निर्णयांची मुळे याच अभ्यासात सापडतात.

दुप्पट भाडे देऊनही

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. घरात शिक्षणाची आवड होती आणि निवृत्तिवेतनाचा आधारही होता. त्यामुळे अस्पृश्यतेचा जो अनुभव भीमरावांना आला, त्याला केवळ दारिद्र्य कारणीभूत नव्हते. ही गोष्ट त्यांच्या पुढील विचारांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई असेल तरच पाणी मिळे, नसेल तर तहान मारावी लागे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. परंतु जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, तोही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचे. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. कोणताही कायदा या मुलांना गाडीत बसण्यास मनाई करीत नव्हता. अडथळा सरकारी नव्हता, तो समाजाच्या मनात होता.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती वाट बंद असल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस रवाना झाले.

न्यूयॉर्कमधील तीन वर्षे

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अब्राहम लिंकन यांच्या दास्यमुक्तीच्या जाहीरनाम्याला त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती. विद्यापीठाच्या टेकडीखालचा हार्लेम हा भाग त्याच काळात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती म्हणून आकार घेत होता. गुलामगिरी कायद्याने संपलेली होती. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ती नष्ट केली होती आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व दिले होते. प्रत्यक्षात दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मजूर कर्जाच्या साखळीने मळेवाल्यांशी जखडलेला होता. मतदानाचा हक्क नाना युक्त्यांनी हिरावलेला होता आणि १८९६ च्या निकालाने तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेतील वेगळ्या डब्यांना मान्यता दिली होती. गौरवर्णीयांच्या दहशतवादी संघटनेचे उदात्तीकरण करणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट १९१५ मध्ये, म्हणजे आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये असतानाच, गाजत होता.

अशा वातावरणात या तरुणाने अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचे भरपूर अभ्यासक्रम पूर्ण केले. अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन गिडिंग्ज आणि मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांसारखे गुरू त्यांना लाभले. त्यांतही ड्यूई यांचा ठसा कायमचा राहिला. लोकशाही ही राज्यकारभाराची पद्धत असण्याआधी माणसांनी एकमेकांशी वागण्याची पद्धत आहे, हा ड्यूई यांचा विचार बाबासाहेबांच्या पुढील लेखनात पुन्हा पुन्हा येतो.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. जातीचे मर्म काय, या प्रश्नावर सेनार, नेसफिल्ड आणि रिस्ले यांसारख्या युरोपीय अभ्यासकांनी निरनिराळी उत्तरे दिली होती. पुढे ज्ञानकोशकार म्हणून मान्यता पावलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा अमेरिकेतच सिद्ध झालेला जातिविषयक ग्रंथही प्रसिद्ध होता. आंबेडकरांनी या सर्वांचा परामर्श घेऊन एकच सूत्र मांडले. जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हाच जातीचा प्राण. हे बंधन टिकवायचे तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. पती निवर्तल्यावर मागे राहिलेली स्त्री ही व्यवस्थेपुढील अडचण ठरते आणि तिची सोय लावण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा उभ्या राहतात. जात कोणा एका मनूने निर्माण केली, हे मतही त्यांनी तेथे नाकारले. वरच्या वर्गाने दारे बंद केली आणि खालच्यांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांचे विवेचन होते.

निबंधात गुलामगिरीची चर्चा नाही. परंतु बंधन टिकवणारी यंत्रणा सरकारच्या हाती नसून ती विवाह, अनुकरण आणि बहिष्कार यांतून चालते, हे त्यात सिद्ध झाले. गुलामगिरीच्या अभ्यासाचा पाया येथे घातला गेला.

या विचाराला मराठी परंपराही होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील लोकांना तो अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि अमेरिकेतील गुलामांची स्थिती यांची सांगड महाराष्ट्रात प्रथम फुले यांनी घातली. बाबासाहेबांनी फुले यांना गुरुस्थानी मानले आणि शूद्रांच्या उत्पत्तीवरील १९४६ चा आपला ग्रंथ त्यांनाच अर्पण केला. फुले यांनी जे साम्य दाखवले, त्याचे पृथक्करण करण्याचे काम पुढे बाबासाहेबांनी हाती घेतले.

वतनाची बेडी

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर परतले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीस गेले, तर परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या घेऊन १९२३ मध्ये ते मायदेशी आले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, मार्च १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन, हा इतिहास सर्वपरिचित आहे.

त्याच सुमारास मुंबई कायदेमंडळात त्यांनी चालवलेली एक लढाई मात्र फारशी आठवली जात नाही. मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतन म्हणजे वरवर पाहता हक्काची जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी या व्यवस्थेचा हिशेब मांडला. महार सरकारचा नोकर, पण त्याला पगार सरकार देत नाही. तो गावकऱ्यांनी बलुत्याच्या रूपाने द्यायचा असतो आणि गाव नाराज झाले की तो बंद होतो. कामाला वेळेची मर्यादा नाही. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की धावावे लागते. वतनदार हजर नसेल तर घरातील दुसऱ्या माणसाला त्याच्या जागी उभे राहावे लागते. म्हणजे एका तुटपुंज्या इनाम तुकड्याच्या मोबदल्यात अवघे कुटुंब बांधले गेले होते.

या जमिनी रयतावा करून द्याव्यात, ज्याला सेवा नको असेल त्याला मोकळे करावे आणि करणाऱ्याला नगद वेतन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. आपल्याच समाजातील काहींना वतन सोडणे धोक्याचे वाटत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा तोच एक आधार होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की हाच आधार माणसाला गावाशी आणि लाचारीशी जखडून ठेवतो. चिकित्सा समितीने विधेयकाची धार बोथट केल्यावर १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. तो पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

दौलताबादचा हौद

मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बीड जिल्ह्यासह सगळा मुलूख वेठ, सालगडी आणि सावकारी यांच्या विळख्यात होता. या प्रदेशातील एक अनुभव बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. १९३४ मध्ये सुमारे ३० सहकाऱ्यांसह ते वेरूळ पाहण्यासाठी निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले असता प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दारातील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. दिवस रमजानचे होते. अस्पृश्यांनी हौद बाटवल्याची ओरड झाली आणि जमाव जमला. शेवटी किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली, ती आतील पाण्याला कोणी शिवू नये म्हणून एक शस्त्रधारी शिपाई बरोबर देऊन.

संस्थान मुस्लिम राजवटीचे, जमाव मुस्लिमांचा आणि नियम मात्र हिंदू समाजाचा. या प्रसंगाने बाबासाहेबांच्या मनातील एक निष्कर्ष पक्का केला. जे बंधन शेजारच्या धर्मानेही नकळत आपलेसे केले आहे, ते राज्यकर्ते बदलल्याने आपोआप सुटणार नाही.

हेतू कोणाचा?

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले अध्यक्षीय भाषण मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे होऊ शकले नाही. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने पुस्तकरूपाने छापले. जातिनिर्मूलनावरील या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी गुलामगिरीची जी व्याख्या स्वीकारली, ती त्यांच्या साऱ्या अभ्यासाचा गाभा मानावी लागेल. प्राचीन ग्रीसमधील प्लेटोपासून निघून ड्यूई यांच्याकडून ती त्यांच्यापर्यंत आली होती. तिचा आशय असा, की ज्याच्या वर्तनामागचा हेतू दुसरा कोणी ठरवतो, तो गुलाम. अशी स्थिती कायद्यातील गुलामगिरी नसतानाही असू शकते. जन्मावरून व्यवसाय ठरवणारी जातिव्यवस्था ही म्हणूनच त्यांच्या लेखी केवळ श्रमाची वाटणी नव्हती. ती श्रमिकांचीच वाटणी होती आणि त्या वाटणीत माणसाच्या आवडीला, कुवतीला किंवा निवडीला जागा नव्हती.

ही कसोटी त्यांनी केवळ जातीला लावली नाही. १९३६ मध्येच त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. सप्टेंबर १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांसंबंधी विधेयक मांडले. त्यात काही परिस्थितीत संप हा गुन्हा ठरणार होता. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्यावर हल्ला चढवला. संप म्हणजे काम करण्यास नकार देणे. हा नकार शिक्षेस पात्र ठरवला, तर कामगाराला इच्छेविरुद्ध काम करावे लागेल आणि इच्छेविरुद्ध सक्तीने करून घेतलेल्या कामालाच गुलामगिरी म्हणतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांसह इतर कामगार संघटनांनी मुंबईत एक दिवसाचा संप केला. वतनदार महार आणि गिरणी कामगार यांना बाबासाहेबांनी एकाच मोजपट्टीने मोजले होते.

रोमचे दास आणि भारतातील अस्पृश्य

गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची थेट तुलना करणारे प्रकरण बाबासाहेबांनी लिहिले, पण ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. अमेरिकेत निदान गुलामगिरी होती, आमच्याकडे तसले काही नव्हते, असा युक्तिवाद त्या काळी अनेक विद्वान करीत. बाबासाहेबांनी प्रथम हाच समज खोडून काढला. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार आहेत, नारदस्मृतीत पंधरा. युद्धात जिंकलेला, विकत घेतलेला, वारशाने आलेला, तसाच दुष्काळात अन्नासाठी दास झालेला आणि कर्जातून सोडवल्याच्या बदल्यात दास झालेला, असेही प्रकार त्यांत आहेत. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी नष्ट करणारा १८३३ चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. येथे १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला आणि त्यानेही गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता तेवढी काढून घेतली.

यानंतर त्यांनी तुलना केली. रोममधील दास कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हता, ती मालमत्ता होती. तरीही मालमत्ता म्हणूनच त्याच्या प्रकृतीची आणि शिक्षणाची काळजी घेण्यात मालकाचे हित होते. रोमचे कित्येक वैद्य, शिक्षक, लेखनिक आणि ग्रंथपाल दास होते. मालक दासाला मुक्त करू शकत असे आणि मुक्त झालेला माणूस समाजात पुढे जाऊ शकत असे. अस्पृश्याची गोष्ट उलट होती. कायद्याने तो व्यक्ती होता, पण त्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. काम असेल तेव्हा त्याला राबवून घ्यायचे, नसेल तेव्हा वाऱ्यावर सोडायचे. त्याला मुक्त करण्याचा अधिकार असलेला मालकही नव्हता, कारण सगळे गावच मालक होते.

त्यांचा सर्वांत सूक्ष्म मुद्दा जाणिवेचा आहे. गुलामाला आपण गुलाम आहोत हे माहीत असते आणि म्हणून स्वातंत्र्याची ओढही असते. अस्पृश्यतेत स्वातंत्र्य हिरावले जाते, पण ते आडवळणाने. बळी पडलेल्याला ते दैव वाटते, पूर्वजन्मीचे फळ वाटते. बेडी दिसतच नसेल तर ती तोडायची कशी? शिक्षणाला बाबासाहेबांनी आयुष्यभर जे अग्रस्थान दिले, त्याचे एक कारण या विवेचनात आहे.

या तुलनेवर आक्षेप घेता येतात. केरळात पुलयांसारख्या जाती अस्पृश्य होत्या आणि विकल्याही जात होत्या. त्रावणकोर संस्थानात ही प्रथा १८५५ मध्ये बंद झाली. तेथे गुलामगिरी आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. रोममधील सुशिक्षित दासांकडे पाहताना खाणींत आणि मळ्यांत मेलेल्या दासांची बाजू झाकली जाते, असेही म्हणता येते. परंतु गुलामगिरी म्हणजे केवळ मालकी नव्हे, हा त्यांचा मूळ मुद्दा पुढील काळात जागतिक समाजशास्त्रात स्वतंत्रपणे पुढे आला. जमैकात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ ऑर्लँडो पॅटर्सन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात अनेक समाजांतील गुलामगिरीची तुलना केली आणि मालकीहक्कापेक्षा कुळाचा तुटलेला संबंध, कायमची अप्रतिष्ठा व सामाजिक मृत्यू ही तिची लक्षणे ठरवली. स्वातंत्र्याची कल्पना गुलामगिरीच्या अनुभवातूनच मोलाची झाली, हे त्यांचे प्रतिपादनही बाबासाहेबांच्या विचारांशी जुळणारे आहे.

अमेरिकेशी बाबासाहेबांचा संबंधही तुटला नव्हता. जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. दोन खंडांतील बहिष्कृतांचे दोन अभ्यासक या छोट्या पत्रव्यवहारात एकमेकांना भेटले.

अभ्यासातून घटनेपर्यंत

१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी स्वातंत्र्याची आर्थिक बाजू मांडली. ज्याच्या हाताला काम नाही, त्याला काम मिळवण्यासाठी आपले मूलभूत हक्क सोडावे लागतात. सरकारने हात आखडला म्हणजे गरीब स्वतंत्र होत नाही, त्याच्यावर खासगी मालकाचे राज्य येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेती आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, ही त्यांची सूचना घटनेत आली नाही. पण २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ज्या घटनेला आकार दिला, तिच्यात या अभ्यासाच्या खुणा स्पष्ट आहेत.

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीचे श्रम यांवर बंदी घातली. बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात. हे दोन हक्क मात्र खासगी व्यक्तींनाही बांधतात. गाडीवान, गावकरी, खोत, सावकार, मालक असे सगळेच त्यांच्या कक्षेत येतात. सरकार आडवे येत नसतानाही समाज माणसाला गुलाम करू शकतो, हे ज्याला पुरते उमगले होते, अशा अभ्यासकाच्या देखरेखीखाली ही कलमे सिद्ध झाली.

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये आला. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २३ चा व्यापक अर्थ लावला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे काम हे सक्तीचे श्रम होत आणि सक्ती केवळ दंडुक्याचीच नसते, भुकेची आणि दारिद्र्याचीही असते, असा त्या निकालाचा सारांश आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतनाविषयी आणि १९३८ मध्ये संपाविषयी मांडलेला विचार येथे न्यायालयाच्या भाषेत आला.

बीड जिल्ह्यातील कोयत्याची उचल या कसोटीवर तपासता येते. उचल घेतली म्हणजे मजूर गुलाम झाला, असे सरसकट म्हणता येणार नाही. अनेक कुटुंबांना लग्नकार्य, दवाखाना किंवा विहीर यांसाठी हाच पैसा उपयोगी पडतो. परंतु घेतलेल्या पैशाचा हिशेब मजुराच्या हाती नसेल, तोडणीचा दर कामाच्या तासांना पुरत नसेल आणि बाकी असल्याने दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर हा व्यवहार स्वेच्छेचा उरत नाही. महार वतनात जसे घरातील दुसरे माणूस राबे, तसे येथे बायको आणि कधी कधी मुलेही एकाच उचलीला बांधली जातात.

मिलिंद आणि अखेरचे पर्व

मराठवाड्याला बाबासाहेबांनी जे दिले, ते बेडी दिसावी यासाठीच होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली आणि जून १९५० मध्ये या संस्थेचे महाविद्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद याने भिक्खू नागसेनाशी केलेल्या चर्चेवरून त्याला मिलिंद हे नाव मिळाले. राजालाही प्रश्न विचारून पटवून घ्यावे लागते, हा त्यामागील संस्कार. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद अशा जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या पहिल्या पिढीला उच्च शिक्षणाचे दार येथे उघडले. पुढे दलित साहित्याच्या चळवळीतील अनेक लेखक याच परिसरात घडले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला सावध केले होते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, ती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. स्त्रियांना वारसा आणि विवाहविषयक हक्क देणारे हिंदू संहिता विधेयक रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. जातीचे मूळ स्त्रीवरील बंधनात आहे, हे १९१६ मध्ये मांडणाऱ्या अभ्यासकाला या विधेयकाचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हेतू दुसऱ्याने ठरवलेले जिणे नाकारून स्वतःचा मार्ग स्वतः निवडण्याची ती सामूहिक कृती होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे हस्तलिखितांचा मोठा साठा राहिला. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून ‘लेखन आणि भाषणे’ या मालेचे खंड निघू लागले. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणारे प्रकरण पाचव्या खंडात १९८९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी, वाचकांसमोर आले. त्याआधीच त्यांची घटना लागू झाली होती, वतने गेली होती आणि वेठबिगारीविरुद्ध कायदाही झाला होता. हे सारे कशासाठी होते, याचे शास्त्रीय उत्तर मात्र इतकी वर्षे कागदांच्या गठ्ठ्यात पडून होते. आता ते छापील आहे आणि जेथे जेथे माणसाच्या कामाचा हेतू दुसराच कोणी ठरवतो, तेथे ते लागू पडते.